जुना कॉम्प्युटर हार्ड डिस्क ओळखत नसेल तर: फॉरमॅट मारण्याआधीच्या पायऱ्या

माळ्यावरून काढलेला ३८६, ४८६ किंवा पहिल्या पिढीतला पेंटियम सुरू केला आणि पडद्यावर ‘सी ड्राइव्ह फेल्युअर’ किंवा ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ असं आलं, की दोनपैकी एक सल्ला हमखास मिळतो. एक म्हणतो डिस्क गेली, टाकून द्या. दुसरा म्हणतो फॉरमॅट मारून बघा. दोन्ही सल्ल्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा डेटा हकनाक जातो, कारण पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते. फक्त तिच्याशी कोणत्या आकड्यांत बोलायचं हे मशीन विसरलेलं असतं.

हा लेख आयडीई डिस्कबद्दल आहे, म्हणजे ४० पिनांच्या चपट्या रिबन केबलवाल्या. तुमच्या डिस्कला एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन रिबन केबल लागत असतील, तर ती त्याही आधीची एमएफएम किंवा आरएलएल डिस्क आहे. तिची तिच्या कंट्रोलर कार्डपासून ताटातूट करू नका. दुसऱ्या प्रकारच्या कार्डावर ती बहुधा वाचली जाणार नाही.

सगळ्यात आधी एक पथ्य. डेटाची कॉपी हातात येईपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एफडिस्कमधून पार्टिशन (डिस्कचे भाग) पाडायचं नाही, स्कॅनडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवायचं नाही, बूट होत नाही म्हणून मास्टर बूट रेकॉर्ड (डिस्कच्या अगदी सुरुवातीची नोंद) नव्याने लिहायचा नाही. आणि बायोस म्हणजे मशीन चालू होताच हार्डवेअर तपासणारा मदरबोर्डावरचा प्रोग्राम; एएमआय कंपनीच्या काही जुन्या बायोसमध्ये ‘हार्ड डिस्क युटिलिटी’ नावाचा जो लो-लेव्हल फॉरमॅटचा मेनू असतो, तिकडे तर फिरकूच नका. तो एमएफएम डिस्कच्या काळातला आहे, आयडीई डिस्कला त्याची कधीच गरज नसते.

पहिली पायरी: कान लावा

मशीन चालू करा आणि डिस्कजवळ कान न्या. मोटर वेग घेते तसा चढत जाणारा आवाज आला, तो स्थिरावला आणि मग हेडची एक-दोनदा बारीक खरखर झाली, तर डिस्क जिवंत आहे असं धरून पुढे चला. आवाजच नसेल तर पॉवरचा चार तारांचा कनेक्टर बदलून पाहा. त्यात पिवळी तार १२ व्होल्ट, लाल तार ५ व्होल्ट आणि दोन काळ्या तारा ग्राउंड असतात. मल्टिमीटर लावला की लगेच खात्री होते. ठराविक लयीत सारखी टकटक येत असेल तर मशीन बंद करा. तो बिघाड डिस्कच्या आतला आहे. दर वेळी चालू करून पाहण्यात उरलीसुरली शक्यताही संपते.

एक गंमतीची पण नेहमीची गोष्ट: सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर डिस्क सापडत नाही, पण लगेच कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं की सापडते. यात डिस्क बिघडलेली नसते. म्हाताऱ्या मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो आणि बायोस तेवढं थांबत नाही. बायोसच्या सेटअपमध्ये (सेटिंगच्या मेनूत) ‘क्विक पोस्ट’, म्हणजे सुरुवातीची तपासणी झटपट उरकण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. मेमरी मोजण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात डिस्क तयार होते.

दुसरी पायरी: केबल आणि जंपर

कॅबिनेट उघडण्याआधी मेनचा प्लग काढा. आतल्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

रिबन केबलच्या एका कडेला लाल रेघ असते. ती बाजू एक नंबरच्या पिनेकडे जाते, आणि डिस्कवर ही पिन बहुतेक वेळा पॉवर कनेक्टरच्या बाजूला असते. मदरबोर्डावर किंवा कंट्रोलर कार्डावर सॉकेटशेजारी बारीक ‘१’ छापलेला असतो, तो शोधा. नंतरच्या केबलींना खाच असल्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जुन्या केबली मात्र बिनबोभाट उलट्या बसतात. तसं झालं की डिस्क सापडत नाही आणि हार्ड डिस्कचा दिवा चालू केल्यापासून सतत पेटलेला राहतो. असा दिवा दिसला तर आधी केबलच बघा. केबलची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको.

आता जंपर, म्हणजे डिस्कवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी. एका केबलवर दोन डिस्क असतील तर एक मास्टर आणि एक स्लेव्ह. एकटी असेल तर मास्टर. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. स्लेव्ह काढून घेतली आणि जंपर तसाच राहिला, तर ती डिस्क नसलेल्या जोडीदाराची वाट बघत राहते आणि बायोसला काहीच दिसत नाही. बऱ्याच डिस्कच्या लेबलवर जंपरची आकृती छापलेली असते. दुसरी डिस्क, सीडी ड्राइव्ह सगळं काढून ठेवा आणि एकटी डिस्क, एकच केबल एवढ्यावर आधी पाहा.

३८६ आणि बऱ्याच ४८६ मशीनमध्ये आयडीईचं सॉकेट मदरबोर्डावर नसतं, वेगळ्या कार्डावर असतं. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातही कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला, या कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो. कार्ड काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका, कार्ड पुन्हा घट्ट बसवा. ‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’ हा संदेश कितीतरी वेळा एवढ्यावरच जातो.

तिसरी पायरी: सेल

१९८४च्या आयबीएम एटीपासून डिस्कची माहिती सीमॉस मेमरीत राहते आणि ती मेमरी मदरबोर्डावरच्या सेलवर जगते. सेल संपला की तारीख मागे जाते, ‘सीमॉस चेकसम एरर’ येतो आणि डिस्कच्या रकान्यात ‘नॉट इन्स्टॉल्ड’ किंवा भलतेच आकडे दिसतात.

नाण्यासारखा सीआर २०३२ असेल तर सोपं आहे, बदलून टाका. मात्र बदलण्याआधी सेटअपमध्ये जे काही आकडे अजून शिल्लक दिसतात त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अनेक ३८६ आणि ४८६ बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या आवरणाचा, पिंपासारखा ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल थेट सोल्डर केलेला असतो. तो फुटून वाहिला असेल तर आजूबाजूच्या तारांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. तो कापून काढा, जागा पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा (आतलं रसायन अल्कधर्मी असतं, म्हणून व्हिनेगर), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या. हे काम मशीन वापरा वा न वापरा, करावंच. तो सेल बोर्ड हळूहळू खात राहतो.

चौथी पायरी: सेटअपमधले आकडे

इथे खरा विषय सुरू होतो. बायोसला डिस्कचा नकाशा तीन आकड्यांत लागतो: सिलिंडर (तबकड्यांवर एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकचा संच), हेड (वाचणारी टोकं) आणि दर ट्रॅकवरचे सेक्टर (५१२ बाइटचे तुकडे). तिन्हींचा गुणाकार करून ५१२ ने गुणलं की डिस्कची क्षमता बाइटमध्ये मिळते. उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटलच्या कॅव्हियार २५४० या डिस्कवर १०४८ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर छापलेले असतात. गुणाकार करा: ५४,०८,६८,६०८ बाइट, म्हणजे ५४० एमबी. डिस्कच्या आत सोळा हेड खरोखर नसतात. आयडीई डिस्क आतली रचना स्वतःजवळ ठेवते आणि बाहेर सोयीचे आकडे सांगते.

‘स्टँडर्ड सीमॉस सेटअप’मध्ये जा. जुन्या बायोसमध्ये डिस्कचे ठरावीक टाइप असतात, १ ते ४६. आणि बहुतेक ठिकाणी ४७ किंवा ‘युजर’ म्हणजे आकडे तुम्ही भरायचे. लेबलवरचे तीन आकडे तिथे भरा. ‘राइट प्रीकॉम्प’ आणि ‘लँडिंग झोन’ हे रकाने आयडीई डिस्क विचारात घेत नाही, शून्य टाका. युजर टाइपच नसेल इतकं जुनं बायोस असेल, तर यादीतून डिस्कच्या क्षमतेपेक्षा मोठा नसलेला जवळचा टाइप निवडता येतो, आयडीई डिस्क तो चालवून घेते. आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळी मशीन बसवणाऱ्याने असाच कुठलातरी टाइप निवडला असेल, तर आज लेबलवरचे अचूक आकडे भरूनही डेटा दिसणार नाही. डिस्क कोणत्या आकड्यांनी फॉरमॅट झाली होती ते महत्त्वाचं.

पाचवी पायरी: नॉर्मल, लार्ज की एलबीए

पेंटियमच्या काळातल्या अवॉर्ड बायोसमध्ये ‘आयडीई एचडीडी ऑटो डिटेक्शन’ असतं. ते चालवलं की एकाच डिस्कसाठी दोन-तीन ओळी येतात. वरच्या ५४० एमबी डिस्कसाठी नॉर्मलच्या ओळीत १०४८, १६, ६३ दिसतात. लार्ज आणि एलबीएच्या (लॉजिकल ब्लॉक अ‍ॅड्रेसिंग, म्हणजे सेक्टरना सलग क्रमांक देण्याची पद्धत) ओळीत ५२४, ३२, ६३. खाली एलबीएची ओळ आधीच सुचवलेली असते आणि माणूस न वाचता ‘वाय’ दाबतो. नव्या डिस्कला ते योग्य आहे. आधीच डेटा असलेल्या डिस्कला मात्र ते धोक्याचं आहे.

हे प्रकार आले कुठून? बायोसच्या जुन्या डिस्क सेवेत सिलिंडर १०२४ पर्यंतच मोजता येतात, आणि आयडीईच्या बाजूने हेड १६ पर्यंतच. दोघांच्या मर्यादा एकत्र केल्या की १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ एवढेच सेक्टर हाती येतात, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. डिस्क त्याहून मोठ्या व्हायला लागल्यावर बायोसने हिशोब बदलला. सिलिंडर निम्मे दाखवायचे, हेड दुप्पट दाखवायचे. लार्जमध्ये असा सरळ भागाकार होतो आणि सेक्टरचा आकडा तसाच राहतो. एलबीएमध्ये सेक्टर नेहमी ६३ धरून बाकीचं नव्याने मांडलं जातं.

फरक कुठे पडतो ते एका डिस्कवर पाहू. समजा डिस्क १३०० सिलिंडर, १६ हेड, ५६ सेक्टर अशी आहे. लार्जमध्ये ती ६५०, ३२, ५६ दिसेल. एलबीएमध्ये ५७७, ३२, ६३. डॉसचं पहिलं पार्टिशन सिलिंडर शून्य, हेड एक, सेक्टर एक या पत्त्यावर सुरू होतं. शून्यापासून मोजलं तर लार्जमध्ये हा पत्ता ५६व्या सेक्टरवर पडतो, एलबीएमध्ये ६३व्या. डिस्क लार्जमध्ये फॉरमॅट झाली असेल आणि आज तुम्ही एलबीए निवडलं, तर बायोस बूट सेक्टर शोधायला सात घरं पुढे जातो आणि तिथे त्याला भलतंच काही मिळतं. म्हणून ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’. पार्टिशनची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरवर असते आणि तो कोणत्याही हिशोबात पहिलाच असतो. त्यामुळे एफडिस्कमध्ये पार्टिशन व्यवस्थित दिसतं, आणि सी ड्राइव्ह उघडायला गेलं की ‘इनव्हॅलिड मीडिया टाइप’. असं चित्र दिसलं तर शांत व्हा. डेटा बहुधा जागेवरच आहे, आकडे चुकलेत.

याहून फसवा प्रकार म्हणजे सेक्टर ६३च, पण हेड चुकलेले: १६च्या जागी ३२ किंवा उलट. तेव्हा बूट सेक्टर सापडतो. फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीलाच असल्याने ‘डीआयआर’ दिल्यावर नावंही नीट येतात. पण फाइल उघडली की कचरा किंवा ‘सेक्टर नॉट फाउंड’. नावं दिसताहेत म्हणून माणूस निर्धास्त होतो, स्कॅनडिस्क चालवतो, आणि ते चुकीच्या जागी ‘दुरुस्ती’ लिहून खरोखर वाट लावतं.

सहावी पायरी: मूळ आकडे डिस्कवरूनच काढा

नॉर्मल, लार्ज, एलबीए आळीपाळीने लावून पाहता येतं; फक्त वाचत असाल तर त्यात धोका नाही. पण त्याहून भरवशाचा मार्ग आहे आणि तो नवख्यालाही जमतो.

फ्लॉपीवरून डॉस बूट करा आणि नॉर्टनच्या डिस्क एडिटसारख्या साधनाने, वाचनापुरत्या मोडमध्ये, डिस्कचा पहिला सेक्टर उघडा. त्यात शून्यापासून मोजत ४४६व्या बाइटपासून पार्टिशनच्या चार नोंदी असतात, प्रत्येकी १६ बाइट. डिस्क एडिट त्या तक्त्यातही मांडून दाखवतो. डॉस आणि विंडोज ९८पर्यंतची एफडिस्क पार्टिशन नेहमी पूर्ण सिलिंडरवर संपवत असे. म्हणजे नोंदीतला शेवटचा हेड हा त्या हिशोबातला सर्वांत मोठा हेड, आणि शेवटचा सेक्टर म्हणजे दर ट्रॅकवरचे सेक्टर. हेड शून्यापासून मोजतात, म्हणून त्यात एक मिळवा.

शेवटचा हेड १५ आणि सेक्टर ६३ दिसला तर डिस्क १६ हेड, ६३ सेक्टर अशी फॉरमॅट झाली आहे: नॉर्मल. हेड ३१ तर ३२ हेड. हेड २५४ तर २५५ हेड, म्हणजे एलबीए. हेड १४ आणि सेक्टर ५६ असेल तर १५ हेड, ५६ सेक्टर; ४२० एमबीच्या आसपासच्या काही डिस्कचे आकडे असेच असतात.

तक्ता न पाहता नुसते बाइट वाचत असाल तर शेवटचा हेड ४५१व्या बाइटमध्ये आणि सेक्टर ४५२व्यामध्ये आहे. मात्र ४५२व्याच्या वरच्या दोन बिटांत सिलिंडरचा भाग असतो, म्हणून तो आकडा ६४ने भागून उरलेली बाकी घ्या. २५५ असेल तर बाकी ६३. मोठ्या डिस्कवर ‘एफई एफएफ एफएफ’ असे तीन बाइट सलग दिसतात, ते म्हणजे २५५ हेड, ६३ सेक्टर. सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइटांत ‘५५ एए’ आहे का तेही पाहा. नसेल तर पहिला सेक्टरच पुसला गेलेला आहे आणि हा मार्ग लागू होत नाही.

मिळालेले हेड आणि सेक्टर सेटअपमध्ये ज्या मोडमध्ये येतात तो मोड निवडा. कुठल्याच मोडमध्ये येत नसतील तर युजर टाइप घेऊन हाताने भरा. सिलिंडर म्हणजे एकूण सेक्टरना हेड आणि सेक्टरच्या गुणाकाराने भागून येणारा पूर्णांक.

मोठी डिस्क जुन्या मशीनला लावताना

इथे उलट अडचण असते. डिस्क नवी, बायोस जुनं. १९९४च्या आधीच्या बहुतेक बायोसांना ५२८ एमबीच्या पुढे दिसत नाही. काही बायोस सिलिंडरचा आकडा १२ बिटांत ठेवतात, ती २.१ जीबीला अडतात. त्यानंतरची भिंत ८.४ जीबीची. तिच्याहून मोठी प्रत्येक डिस्क लेबलवर १६३८३, १६, ६३ हेच आकडे सांगते, मग ती १० जीबीची असो की ८०, त्यामुळे तिथे लेबलवरून क्षमता काढायला जाऊ नका. ३३.८ जीबीपाशी काही अवॉर्ड बायोस डिस्क शोधता शोधता चक्क अडकून पडतात. आणि २८ बिटांच्या पत्त्याची मर्यादा १३७ जीबी.

मशीन डिस्क शोधताना अडकत असेल तर डिस्कवर क्षमता मर्यादित करणारा जंपर आहे का ते लेबलवर पाहा; बऱ्याच डिस्कवर ३२ जीबीपर्यंत मर्यादा घालता येते. डॉस ६.२२ला तसंही एका पार्टिशनमध्ये २ जीबीच्या वर जाता येत नाही, तेव्हा जागा वाया गेली म्हणून हळहळू नका.

त्या काळी ही भिंत ओलांडायला डिस्कवर ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्ह असा प्रोग्राम टाकून देत. बूट होताना स्पेसबार किंवा कंट्रोल दाबून ठेवण्याची सूचना दिसली तर तुमच्या डिस्कवर असंच काही आहे. अशा डिस्कला नेहमी स्वतःवरूनच बूट होऊ द्या आणि मग सूचनेप्रमाणे कळ दाबून फ्लॉपीकडे वळा. थेट फ्लॉपीवरून बूट केलं तर तो मधला प्रोग्राम मेमरीत येत नाही आणि पार्टिशन दिसत नाही किंवा विस्कटलेलं दिसतं.

शेवटची पायरी: कॉपी

डिस्क दिसली, फाइली उघडल्या, की लगेच कॉपी. यूएसबी-आयडीई अडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि पेंटियमनंतरच्या डिस्कसाठी उत्तम आहे. पण बहुतेक अडॅप्टर फक्त एलबीए जाणतात. १९९४च्या आधीची, एलबीए न समजणारी डिस्क त्यांना दिसतच नाही, आणि लोक तिला मेलेली समजतात. तिच्यासाठी आयडीई सॉकेट असलेला पेंटियम २ किंवा ३ बोर्ड शोधा. त्यावर लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू या साधनाने पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या. खराब सेक्टर आले तरी ते त्यांना वगळून आधी चांगला भाग उचलतं.

फाइली निवडून घेत असाल तर एक गोष्ट विसरू नका. नव्वदच्या दशकातलं मराठी डीटीपी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर झालेलं आहे आणि ती अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत. दिवाळी अंकाची पेजमेकर फाइल नुसती आणली तर आज पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. म्हणून विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर पूर्ण घ्या, त्या सॉफ्टवेअरचा फोल्डर घ्या, आणि मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला छोटं लॉक लावलेलं असेल तर ते काढून डिस्कबरोबरच पिशवीत ठेवा. डिस्कवर कायम शाईच्या पेनाने सिलिंडर, हेड, सेक्टर आणि मोड लिहा.